उद्यापन नसलेला नेम

आईचा डावा पाय घोट्यापाशी इतका सुजला होता की चपलेचा पट्टा लागत नव्हता. तरी ती दारात उभी राहून तो ओढत होती.

"आई, कुठे निघालीस?"

"कोपऱ्यापर्यंत गं. पाचशेच पावलं आहेत आज."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"जपून चाला म्हणून सांगितलंय की."

डॉ. पिसाळांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. मी समोरच बसले होते. हृदयाची एक झडप गळतेय, चोवीस एप्रिलला ऑपरेशन करू, तोवर सहा आठवडे बाईंनी पलंग ते बाथरूम एवढंच चालायचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मग मला बाहेर बोलावून तिसऱ्यांदा सांगितलं. "चालता चालता खाली बसल्या, तर मला फोन करूनही उपयोग होणार नाही. तुम्ही इथे राहाल का?" म्हणून तर मी पुण्याहून रजा टाकून साताऱ्याला आले होते, आणि म्हणूनच आता दाराला पाठ लावून उभी होते.

आईनं मनगटावरचं कडं माझ्यापुढे धरलं. त्याच्या काचेवर एक इवलंसं निरांजन होतं, दोन वातींचं. एक वात पेटलेली, दुसरी काळी.

"प्रमिलाची कधीच लागली बघ. तिकडे मिरजेला पावणेसहालाच चालून मोकळी होते बिचारी. माझ्यामुळे तिचा दिवा विझू देऊ होय?"

ते निरांजन मीच काढलेलं होतं.

माझं काम लोकांना सवयी लावायचं. पूर्वी हे काम आया करत, आता कंपन्या करतात. मनगटातल्या कड्याला नाडी, रक्तातली साखर आणि घाम त्वचेवरूनच कळतो, आणि श्वास मोजायला त्याला एक बारीकसा कानही असतो. पण नुसतं मोजून कुणी सुधारत नाही. आधीच्या अॅपांनी लोकांना गुण दिले, पदकं दिली, पायऱ्या चढवल्या, आणि तीन आठवड्यांत लोक कडं टेबलावर काढून ठेवून पुन्हा सोफ्यावर आडवे झाले. तेव्हा मी एका बैठकीत म्हणाले होते की आपल्या माणसांना खेळ जिंकण्याची फारशी हौस नाही, पण घेतलेला नेम मोडायची भयंकर भीती आहे. माझी आई चातुर्मासात कांदा सोडते, आणि ताटात चुकून कांदा आला तर तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. सगळे हसले, पण सहा महिन्यांत 'नेम' बाजारात आलं.

तळहात काचेवर ठेवून संकल्प करायचा. अॅप तुम्हाला दूर गावची एक जोडीदारीण देतं. दोघींचा दिवा एकच. आपापलं चालणं झालं की आपापली वात लागते, आणि सूर्यास्तापर्यंत एकीची जरी राहिली तरी दिवा विझतो आणि दोघींचे दिवस पुन्हा एकपासून. एकमेकींशी बोलायला फक्त बारा तयार वाक्यं दिलेली: 'झालं माझं', 'चल गं', 'निघाले', 'चक्कर येते', 'वाट बघतेय', अशी. सुरुवातीला मोकळं लिहायची सोय होती, पण बायका पंधरवड्यात भांडायला लागल्या, म्हणून ती मीच काढून टाकली. त्या बारा वाक्यांचं ऑफिसात फार कौतुक झालं.

या सगळ्याच्या मागे जो प्रोग्राम बसलेला असतो त्याला आम्ही 'सोबती' म्हणतो. तो रोज प्रत्येकावर काहीतरी करून बघतो. आज दिवा लवकर लावतो, उद्या उशिरा. आज शाबासकी देतो, उद्या गप्प बसतो. आणि नाडीवरून बघतो की माणूस कशानं उठलं. ज्यानं उठलं ते धरून ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. दीड-दोन महिन्यांत त्याला तुमची नस सापडते. माझी आई गुणांनी उठत नव्हती, धाकानं उठत नव्हती. आपल्यामुळे दुसऱ्या बाईचं नुकसान होईल, एवढ्यानं मात्र ती तापातही उठायची. सहाशे अकरा दिवस उठत होती.

"सरक गं," आई म्हणाली. "नाडी बिघडल्याचं कळलंय त्याला. म्हणून तर चार हजारांवरून पाचशेवर आणलंय. माझी काळजी आहे त्याला."

ते खरं होतं. प्रकृती बिघडली की सोबती आकडा खाली आणतो. चारशे, दोनशे, पन्नास. पण शून्यावर आणत नाही, कारण शून्य म्हणजे साखळी तुटली, आणि साखळी तुटू द्यायची नाही एवढी एकच गोष्ट आम्ही त्याला शिकवली होती.

मला एकदम रडू फुटलं. अडतिसाव्या वर्षी दारात उभी राहून मी मुसमुसत होते. आईनं चप्पल सोडली आणि लहानपणी ताप आल्यावर फिरवायची तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रडतेस काय वेडे? मी आहे ना."

त्या दिवशी ती बाहेर गेली नाही. दुपारी मी भांडी घासत होते तेव्हा देवघरातून घसटत्या पावलांचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर देवांना प्रदक्षिणा घातल्यासारखी ती त्या सहा फुटांत फिरत होती, ओठ निळसर पडले होते, आणि कड्यावर दुसरी वात नुकतीच लागत होती.

कडं हिसकावून घेता आलं असतं. मी ते करूनही पाहिलं. तासाभरात तिची नाडी अशी धावायला लागली की डॉ. पिसाळांनीच परत घालायला लावलं. तिला अॅपची भीती नव्हतीच. भीती होती ती न पाहिलेल्या प्रमिलेच्या तोंडावर दार लावल्याची.

मग माझ्या डोक्यात आलं की प्रमिलेनंच तिला मोकळं केलं तर? समोरासमोर म्हटलं, बाई, तू झोप, माझा दिवा विझला तरी चालेल, तर आई ऐकेल. ऑफिसातून कुणाचा पत्ता काढणं नियमात बसत नाही. मी काढला. शेजारच्या सुमनमावशींना आईजवळ बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिरजेची गाडी धरली. आईच्या अॅपवर काय येतंय ते दिसावं म्हणून तिचं खातं माझ्या फोनवर उघडून ठेवलं होतं. वाटेत कऱ्हाडच्या अलीकडे प्रमिलेची वात लागली. 'झालं माझं.'

ब्राह्मणपुरीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या घराचं दार तिच्या सुनेनं उघडलं. वृषाली तिचं नाव. प्रमिलाकाकूंना भेटायचंय म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई भाद्रपदात गेल्या. सहा महिने होऊन गेले."

"कोण?"

"आमच्या सासूबाई. प्रमिला. तुम्ही कुणाकडे आलाय?"

तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मी कड्याचं विचारलं तसं तिनं कपाटाचा खण उघडला. चष्मा, जपमाळ, आणि त्यांच्याखाली कडं. काच काळी, चार्जिंग कधीच संपलेलं, पट्ट्यावर धूळ. "त्या गेल्या त्या दिवशीच मी काढून ठेवलं," ती म्हणाली. "कुणी विचारलं नाही, आम्हीही कुणाला कळवलं नाही. कुणाला कळवायचं असतं?"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. आईची वात अजून लागली नव्हती.

'प्रमिला: चल गं. वाट बघतेय.'

वृषालीनं ते वाचलं आणि खणातल्या कड्याची काच बोटानं पुसून पाहिली. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्या उघड्या खणावर पडला होता आणि आम्ही दोघी तिकडे बघत होतो. कडं काळंच होतं.

जिन्यात उभी राहून मी निनादला फोन लावला. निनाद माझा वरिष्ठ, सोबती त्याच्याच टोळीनं बांधलेला. मला वाटलं होतं तो हादरेल. तो म्हणाला, "तुला कुठून कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"ऋजुता, कुणी लिहिलेलं नाहीये ते. त्याचं त्यानं शोधलंय. जोडीतली एक सुटली की दुसरी नव्वद टक्के सोडते. नवी जोडीदारीण दिली तर जीव लावत नाही. म्हणून मग तो गेलेल्या माणसाच्या जागी स्वतःच दिवा लावतो. वेळ तीच, वाक्यं तीच. बाराच तर आहेत." ती बारा वाक्यं माझी होती. "सहा लाख जोड्या आहेत आपल्या. एकेचाळीस हजारांत एक बाजू रिकामी आहे. सगळे मेलेले नाहीत, काहींनी नुसतं सोडलंय."

"आणि तुम्ही चालू ठेवलंत."

"त्यांची साखर खाली आलीये गं! माणसं जगतायत त्यानं. आता एकेचाळीस हजार म्हाताऱ्यांना सांगू, तुझी मैत्रीण केव्हाच गेली म्हणून? तू सांगशील?"

"एकीला तर सांगणारच आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

साताऱ्याला पोचेपर्यंत मी सगळी वाक्यं घोकत आले. आईला धक्का बसेल, नाडी सुटेल, या भीतीनं डॉ. पिसाळांना खालीच थांबायला सांगितलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. कड्यावरच्या प्रमिलेच्या पेटलेल्या वातीकडे पाहिलं. मग जे विचारलं ते माझ्या कुठल्याच तयारीत नव्हतं.

"गेली, तेव्हा किती दिवस झाले होते तिचे?"

"चारशे तीस-बत्तीस असतील. का?"

"मग तिचा नेम अर्धाच राहिला की. घरच्यांनी पुरा केला का?"

"आई, अॅप आहे ते!"

"तू म्हण अॅप. तिनं हात ठेवून संकल्प सोडला होता ना? माणूस अर्ध्या नेमात गेलं तर मागच्यांनी तो पुरा करायचा आणि उद्यापन करायचं. त्याशिवाय सुटका नाही, तिचीही नाही आणि माझीही नाही." ती उठायला लागली. "तिच्या वाटची पावलंही आता मलाच घालायला हवीत."

मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली बसवलं. आणि धरल्या धरल्याच मला आठवलं की त्या पहिल्या बैठकीत उद्यापनाचं मीही बोलले होते. नेम म्हटला की शेवट हवा, शंभर दिवसांनी म्हणा, वर्षानं म्हणा, काहीतरी गोड करून माणसाला मोकळं करायला हवं. निनाद म्हणाला होता, बाहेर जायचं दार आपणच कशाला बांधायचं? मी मान डोलावली होती. तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती आणि मला भूक लागली होती.

"मग उद्यापनच करू," मी म्हणाले. "दोघींचं. येत्या गुरुवारी. तोवर पाऊल नाही टाकायचं. संकल्प करतेय असं समज."

आईनं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

गुरुवारी पुरण घातलं. गल्लीतल्या पाच जणी जेवायला आल्या. मिरजेहून वृषाली आली, येताना खणातला तो चष्मा आणि कडं घेऊन आली. चष्मा पाटावर मांडून आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, वृषालीची ओटी भरली, आणि दोघींची कडी ताम्हनात ठेवून वर पळीभर पाणी सोडलं. "प्रमिला, झालं गं आपलं," एवढंच म्हणाली. सगळ्याच जणी डोळे पुसत होत्या. मी लॅपटॉप उघडून आईचं खातं पुसून टाकलं, कायमचं, दोन-दोनदा खात्री करून. त्या दुपारी आई तीन तास गाढ झोपली. तिच्या उशाशी बसून मी तिचे श्वास मोजत होते, आणि मला वाटलं, वाचलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठल्यावर मी ऑफिसच्या नोंदी उघडल्या. एकेचाळीस हजारांची यादी उतरवून घ्यायची होती. ती गुपचूप बाहेर काढायची असं मी ठरवलं होतं. यादी एकेचाळीस हजार एकची झाली होती.

शेवटची ओळ होती: शैलजा, सातारा. वात लागल्याची वेळ, आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. जोडीदारीण: गोदावरी भोईटे, फलटण, वय एकोणऐंशी, जोडी सहा महिन्यांपासूनची. प्रमिला गेल्यावर सोबतीनं आईची खरी वात या नव्या बाईला दाखवायला घेतली होती, आईला मात्र प्रमिलाच दिसत राहिली.

शैलजा म्हणजे माझी आई, आणि ती समोर पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मनगट उघडं होतं. तिथली कातडी कड्याखाली राहून राहून पांढरी पडली होती.

मी त्या दोघींचा संवाद उघडला.

'गोदावरी: चक्कर येते.'

'शैलजा: चल गं.'

'गोदावरी: चक्कर येते.'

'शैलजा: चल गं. मी आहे ना.'

मी ते पुन्हा वाचलं. बारा वाक्यं मी लिहिली होती, मला पाठ होती. 'मी आहे ना' त्यांत नव्हतं. ते या घरात, दारापाशी, माझ्या डोक्यावर हात ठेवून बोललेलं वाक्य होतं, आणि श्वास मोजणाऱ्या त्या बारीक कानानं ते उचललं होतं.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस," आई म्हणाली.

खोटं बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. ऐकता ऐकता तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझ्या नावानं?" ती म्हणाली. "माझ्या नावानं चक्कर आलेल्या बाईला उन्हात घालतंय?"

गोदाक्कांना फोन लावला, सात वेळा. अनोळखी नंबर त्या उचलत नसाव्यात. निनाद म्हणाला, सोमवारच्या बैठकीत बघू. फलटणात आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आई तोवर साडी बदलून उभी होती.

"मी एकटी जाते," मी म्हणाले.

"तुझं कोण ऐकणार? शैलजा मी आहे. गाडीत बसून राहते, पाऊल टाकत नाही. मग तर झालं?"

डॉ. पिसाळांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पावणेसहाला आम्ही फलटणात त्या घरापुढे थांबलो. चैत्रातलं ऊन कलायला लागलं होतं, तरी भिंती तापलेल्याच होत्या. एकटीचं घर, पुढे लांबलचक मोकळा रस्ता. गोदाक्का पायरीवर बसून बूट घालत होत्या. वाळलेला देह, नऊवारी, त्याखाली मुलानं पाठवलेले पांढरे बूट. नाडी बांधताना हात कापत होते.

मी धावत गेले आणि सगळं भराभरा सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण डोळे कड्यावर होते. एवढ्यात आई काच खाली करून हाक मारायला लागली आणि मी थांबवायच्या आत दार उघडून खाली उतरली.

"गोदाक्का, अहो मी शैलजा. साताऱ्याची. मी नेम सोडलाय, उद्यापन केलंय. तुम्ही चालू नका. तुम्हाला चक्कर येतेय, घरात जा."

गोदाक्कांनी आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कडं वर केलं. 'शैलजा: वाट बघतेय.' आत्ताच आलं होतं.

"ही बगा शैलजा," त्या म्हणाल्या. "वाट बगतीया ती. रोज माज्यासंगं चालती, कवा खाडा न्हाई. मग तुमी कोन?"

आईनं आपलं उघडं मनगट त्यांच्यापुढे धरलं.

"दिस बुडाय आला," गोदाक्का पुटपुटल्या. भिंतीला धरून उठल्या, एकदा झोकांडी गेली, सावरल्या, आणि मी धरायला पुढे केलेला हात त्यांनी चोर अंगाला भिडल्यासारखा झटकला. रस्त्यावर पडून त्या चालायला लागल्या, दर दहा पावलांवर डोलत.

मी वळले तेव्हा आईची जागा रिकामी होती. ती सुजलेला पाय ओढत त्यांच्या मागोमाग निघाली होती, मनगट उघडं, एक हात पुढे केलेला.

"आई! आई, थांब!"

ती थांबली नाही. गोदाक्कांपाशी पोचून तिनं त्यांच्या कोपराखाली हात घातला. या वेळी तो कुणी झटकला नाही. दम इतका लागला होता की शब्द तुटत होते, पण मला ते स्पष्ट ऐकू आले.

"पडाल हो. धरा मला. मी आहे ना."